चेहरा उदास नाही, तरी चित्र अस्वस्थ करतं. हे येतं कुठून?

कोटितीर्थ

आपल्या कोल्हापुरात माणूस रंगवायला शिकवतात ते मनापासून शिकवतात. आबालाल रहिमान, दत्तोबा दळवी, बाबूराव पेंटर या इथल्या जुन्या चित्रकारांपासून आलेली ती शिस्त आहे. कातडीखालचं हाड कळलं पाहिजे, फेट्याच्या घडीत उजेड कुठं थांबतो ते कळलं पाहिजे. शाहू स्मारकच्या कलादालनात प्रदर्शन कुणाचंही असो, एखाद्या तरी व्यक्तिचित्रापुढं आपण थबकतोच.

पण एक गोष्ट मला खटकत आलीय. आपल्या चित्रातला माणूस कधी एकटा नसतो. चित्रात दुसरं कुणी नसलं तरी तो आपल्याकडं बघत असतो, आपली दखल घेत असतो. आणि खरंच एकटा माणूस रंगवायचा झाला, तर आपण त्याला म्हातारा करतो, सुरकुत्या देतो, कपाळाला हात लावून बसवतो. दुःख चेहऱ्यावर लिहून टाकतो. बघणारा ते वाचतो, हळहळतो आणि पुढच्या चित्राकडं जातो.

आधुनिक चित्रकारांनी हे फार वेगळ्या रीतीनं केलं. अमेरिकेच्या एडवर्ड हॉपरचं १९४२ चं 'नाइटहॉक्स' घ्या. रात्रीची वेळ, कोपऱ्यावरचं काचेचं हॉटेल, आत चार माणसं. कुणी रडत नाही, कुणी भांडत नाही. बाई आणि तिच्या शेजारचा माणूस यांचे हात जवळजवळ आहेत, पण एकमेकांना लागलेले नाहीत. एक गिऱ्हाईक पाठमोरं. रस्त्यावरून त्या हॉटेलात शिरायला दारच दिसत नाही. आतला उजेड बाहेर फुटपाथवर सांडलाय, रस्ता रिकामा. आपण बाहेर अंधारात उभे राहून आत बघतोय आणि आत जायला वाट नाही. अस्वस्थता तिथं आहे, चेहऱ्यांवर नाही. स्वतः हॉपरला ते चित्र फारसं एकाकी वाटत नव्हतं. नकळत मोठ्या शहराचा एकटेपणा रंगवला गेला असेल, एवढंच त्यानं कबूल केलं.

त्याच्या पन्नास वर्षं आधी, १८९२ मध्ये, नॉर्वेच्या एडवर्ड मुंकनं 'कार्ल योहान रस्त्यावरची संध्याकाळ' रंगवलं होतं. टोप्या घातलेली प्रतिष्ठित माणसं थेट आपल्या अंगावर चालत येतात, चेहरे पांढरेफटक, डोळे गोल. आणि रस्त्याच्या मधोमध एकच काळी आकृती उलट्या दिशेनं चाललेली. गर्दीचं चित्र आहे, पण लक्षात राहते ती पाठ.

माझं म्हणणं असं की एकटेपणा हा रचनेचा भाग आहे. माणूस कुठं ठेवला, त्याच्याभोवती किती जागा सोडली, नजर कुठं नेली, दार ठेवलं की काढून टाकलं, हे चित्रकार ठरवतो. हात तयार असलेल्या कोल्हापूरकरांना हे अवघड नाही. मग आपल्याकडं हे इतकं कमी का?

सातवी_गल्ली

कारण आपल्याकडं ते नाही म्हणून. न्यूयॉर्क वेगळं, राजारामपुरी वेगळी. माणूस दोन दिवस दिसला नाही तर गल्लीत चौकशी होते. तालीम आहे, मंडळ आहे, कट्टा आहे. जे जगण्यात नाही ते चित्रात ओढून आणलं की ती नक्कल होते.

दुसरं, माझ्यापुरतं बोलतो. वडील गेल्यावर आई जवळजवळ वर्षभर हॉलमध्ये एकाच खुर्चीवर बसायची. समोरच्या भिंतीवर पन्हाळ्याचं एक साधं निसर्गचित्र होतं. त्याच्याकडं बघत बसायची. तिथं तुमचं हॉपर असतं तर? चित्रानं माणसाला धीर द्यावा असं मला मनापासून वाटतं, आणि यात काही मागासलेपण आहे असं मी मानत नाही.

माई_गंगावेस

धीर देणारी चित्रं हवीतच, त्याबद्दल वाद नाही. पण 'आपल्याकडं ते नाही' हे मी ऐकून घेणार नाही.

अमृता शेरगिलचं १९३५ चं 'तीन मुली' बघा. तिघी एकमेकींना खेटून बसल्यात. अंगावर लाल, हिरवे, केशरी कपडे. तिघींपैकी एकही दुसरीकडं बघत नाही. डोळे खाली, हात मांडीत. पुढं काय होणार ते ठरलेलं आहे आणि त्यांना कुणी विचारलेलं नाही, एवढं सगळं त्या खाली गेलेल्या नजरांत आहे. या चित्राला १९३७ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं, म्हणजे त्या काळातही बघणाऱ्यांना ते पोचलं. हे न्यूयॉर्क नव्हे. भरल्या घरातला एकटेपणा आहे हा, आणि बायकांना तो चांगला ओळखीचा आहे. तुमच्या आई त्या खुर्चीवर बसायच्या तेव्हा घरात माणसं होतीच ना?

मी शाळेत चित्रकला शिकवली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या स्मरणचित्रांत बाजार, जत्रा, बसस्टॉप असले विषय यायचे. मुलं गर्दी काढायची आणि गर्दीतला प्रत्येक जण काहीतरी करत असायचा: भाजी घेतोय, फुगा धरतोय, हात हलवतोय. नुसतं उभं राहिलेलं माणूस काढलं की मार्क जातील अशी भीती त्यांना असायची, आणि ती भीती आम्हीच घातलेली. कोटितीर्थ यांच्या 'का'चं एक उत्तर तिथं आहे. हातातलं काम काढून घेतलं की माणूस रंगवायचा कसा, हे आम्ही शिकवलंच नाही.

सातवी_गल्ली

माई, आईबद्दलचं तुमचं वाक्य लागलं. बरोबर आहे ते. घर भरलेलं होतं.

उद्यमनगर_लेथ

मी चित्रकार नाही, कारखान्यात आहे. २०१९ मध्ये कामानिमित्त मुंबईत होतो तेव्हा राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात सुधीर पटवर्धनांचं मोठं प्रदर्शन लागलं होतं, ते पाहिलं. पटवर्धन पेशानं रेडिओलॉजिस्ट, ठाण्यात कित्येक वर्षं प्रॅक्टिस केली आणि चित्रकला स्वतःच शिकले, हे मला तिथंच कळलं. मग त्यांची माणसं अशी का दिसतात तेही कळलं. जड खांदे, जाड मान, कपड्याच्या आतलं शरीर थकलेलं. इराणी हॉटेलातला टेबलाशी बसलेला माणूस आहे, १९७७ चा. तो दुःखी आहे असं मी म्हणणार नाही. तो कामावरून आलाय आणि थोड्या वेळानं उठणार आहे. रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीत आमच्याकडं सगळे असेच बसतात. कुणी कुणाशी बोलत नाही, आणि भांडणही नसतं.

आपल्यासारख्याचं चित्र कुणीतरी इतकं निरखून काढलंय याचं मला बरं वाटलं. सातवी_गल्ली, धीराचं म्हणत होता ना, मला तो तिथं मिळाला.

पेंटरकाका

उशिरा वाचलं, पण लिहितो. मी आयुष्यभर ऑर्डरची पोर्ट्रेटं केली. निम्म्याहून जास्त गेलेल्या माणसांची. घरची माणसं आधार कार्डाचा फोटो घेऊन येतात, नाहीतर लग्नाच्या ग्रुप फोटोतलं नखाएवढं डोकं. त्यावरून दोन बाय तीनचं ऑइल करायचं. आणि जाताना एकच सांगतात, 'जरा हसरं करा.' मी करतो. त्यांची गरज खरी असते. त्या फोटोला हार पडणार, त्याच्याकडं बघून नातवंडं मोठी होणार.

पण फोटो मोठा करताना मी तासन्‌तास त्या चेहऱ्याबरोबर असतो. कागदपत्राच्या फोटोत माणूस कसा असतो बघा. समोर कॅमेरा, मागं पांढरा पडदा, कुणीतरी 'हलू नका' म्हटलंय. भोवती काहीही नाही. मला तो चेहरा हसऱ्या चेहऱ्यापेक्षा जास्त खरा वाटत आलाय. तो तसाच रंगवायची इच्छा कैक वेळा झाली.

फ्रान्सिस बेकन या ब्रिटिश चित्रकाराचं पुस्तक एका मित्रानं दिलं होतं. पहिल्यांदा मिटवून ठेवलं. जुन्या स्पॅनिश चित्रकार वेलास्केझनं रंगवलेल्या पोपवरून त्यानं १९५३ मध्ये जे चित्र केलं ते तुम्ही पाहिलं असेल, खुर्चीत बसलेला पोप आणि उघडलेलं तोंड. किंचाळी सगळ्यांना दिसते. मी बघत होतो त्या माणसाभोवतीच्या बारीक रेघांकडं. बेकन पेटीसारखी एक चौकट आखतो, आणि माणूस त्यात अडकतो. खोली नाही, भिंत नाही, नुसत्या रेघा. शिवाय तो कॅनव्हासच्या प्रायमर (रंगाआधी देतात तो अस्तराचा थर) न लावलेल्या बाजूवर रंगवायचा. तिथं रंग लगेच शोषला जातो, पुसून दुरुस्त करता येत नाही. आम्ही प्रायमरचे हात चढवून, घासून गुळगुळीत करून मग बसणारी माणसं. चुकीला जागा न ठेवता तो कसा काम करत असेल, याचा विचार मी अजून करतो.

सातवी_गल्ली

काका, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहितो. बेकनचं मला पटत नाही. उद्यमनगरवाल्या मित्राला पटवर्धनांच्या चित्रात जे सापडलं ते मला समजलं, कारण तिथं माणसाचा मान राहतो. बेकन माणसाचं मांस करतो. अस्वस्थ करणं सोपं आहे. अपघाताचा फोटोही अस्वस्थ करतो.

कोटितीर्थ

हा मुद्दा मोलाचा आहे, त्यामुळं सविस्तर लिहितो.

धक्का आणि अस्वस्थता यात फरक आहे, आणि तो चित्रकार तय्यब मेहतांच्या कामात सगळ्यात स्वच्छ दिसतो. फाळणीच्या दंगलीत, १९४७ मध्ये, मुंबईत महंमद अली रोडवर खिडकीतून त्यांनी एका तरुणाला जमावाकडून मारलं जाताना पाहिलं. ते दृश्य त्यांनी जसंच्या तसं कधी रंगवलं नाही. रंगवलं असतं तर तुम्ही म्हणता तसा अपघाताचा फोटो झाला असता. त्याऐवजी पाय बांधलेला बैल आला, कोसळणारी माणसं आली. १९६९ पासून एक तिरकी रेघ आली जी कॅनव्हास वरपासून खालपर्यंत कापत जाते आणि माणसाचं शरीर तिच्या दोन बाजूंना तुटतं. रक्त नाही. सपाट, शांत रंग. छायाप्रकाश जवळजवळ नाहीच. लंडनमध्ये असताना बेकनचा प्रभाव त्यांच्यावर होता, पण बेकनचा ओला, सोललेला रंग त्यांनी सोडून दिला. पडणारा माणूस कुठून पडला ते दिसत नाही, आणि खाली जमीनही दिसत नाही. तो पडतच राहतो. तुम्ही म्हणता तो मान मला तिथं दिसतो: मेलेल्याचा तमाशा केलेला नाही.

आणि हे सगळं बाहेरचं आहे असंही नाही. बाबूराव पेंटरांचा १९२५ चा मूकपट 'सावकारी पाश' आठवा. जमीन गमावलेला शेतकरी शहरात गिरणीत जातो अशी गोष्ट. ज्यांनी तो पाहिला त्यांनी अंधारातली एक झोपडी आणि तिच्यापुढं विव्हळणारं कुत्रं एवढंच दृश्य वर्षानुवर्षं लक्षात ठेवलं. हे एका पेंटरचं काम होतं, याच गावातल्या. पडद्यावर ज्यानं ते केलं, त्याच्या 'जलवाहिनी'त मात्र सगळं लावण्य आहे. ते चित्र मला अतिशय आवडतं. तरीही वाटत राहतं की त्या झोपडीचा धागा पुढं आपल्या कॅनव्हासवर कुणी ओढला नाही.

आबालाल तर स्वतःच एकटे. कोटितीर्थ तळ्याच्या काठी राहिले, रंकाळा, संध्यामठ, पाणी, झाडं रंगवत राहिले. शाहू महाराज १९२२ मध्ये गेल्यावर त्यांनी आपली ढिगानं चित्रं कोटितीर्थात सोडून दिली, असं कोल्हापुरात सांगतात. त्यांच्या निसर्गचित्रांत माणूस असलाच तर चिमुकला, पाण्याच्या कडेला. पोर्ट्रेटची इतकी तयारी असलेला माणूस शेवटी माणसांपासून इतका लांब का उभा राहिला, याचा विचार त्यांच्यावर लिहिताना सहसा होत नाही. आपण प्रकाशाचं कौतुक करून थांबतो.

जीडी_शेवटचं_वर्ष

सगळ्यांना नमस्कार. मी जी.डी. आर्ट या चित्रकलेच्या पदविकेच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेले काही दिवस हा धागा वाचतोय, आज धीर करून विचारतो.

आमचं गाव करवीर तालुक्यात, नदीकाठी. २०१९ च्या पुरात घरात पाणी होतं. पाणी उतरल्यावर भिंतीवर रेघ राहिली. चुना मारला, नंतर डिस्टेंपर मारला, तरी पावसाळ्यात ओल वर चढते, लोणा धरतो आणि रेघ परत दिसायला लागते. आजोबा त्या भिंतीला पाठ लावून खाटेवर बसतात. बसल्यावर रेघ त्यांच्या डोक्याच्या वर येते.

मी ते रंगवलं. तीन बाय चार फूट, ऑइल. आजोबा मधोमध, समोर बघतायत. चेहरा जमलाय असं सगळे म्हणतात. पण बघणारे विचारतात, 'पूर कुठाय?' एकानं सुचवलं की खिडकीतून पाणी दाखव, एकानं म्हटलं डोळ्यात पाणी दाखव. मला दोन्ही नकोय. पण आहे तसं चित्र नुसतं आजोबांचं पोर्ट्रेट झालंय, हेही मला दिसतंय. काय करू?

पेंटरकाका

पोरा, डोळ्यात पाणी अजिबात घालू नकोस.

मधोमध बसवलास तिथं ते पोर्ट्रेट झालं. आजोबांना खाली आणि डावीकडं घे. भिंत मोठी होऊ दे, चित्राचा निम्म्याहून जास्त भाग नुसती भिंत. रेघ कॅनव्हासच्या दोन्ही कडांना जाऊन भिडली पाहिजे. मधेच तिचं टोक दिसलं की बघणारा तिथून सुटला. भिंतीवर कॅलेंडर, फोटो, खुंटी काय असेल ते काढ.

आणि रेघेवर जोर देऊ नकोस. काळी करशील, चिखल दाखवशील, तर ती सांगायला लागेल. बर्न्ट सिएनात पांढरा मिसळून, भिंतीच्या टोनपेक्षा जरा गडद, बस्स.

माई_गंगावेस

काकांचं सगळं पटलं, कॅलेंडरचं सोडून. कॅलेंडर राहू दे, पण रेघेच्या वर. पुरानंतर माणसं सगळ्या वस्तू उंच टांगायला लागतात. माझ्या माहेरी अजून तसंच आहे. रेशनकार्ड, देव, औषधांची पिशवी, सगळं हात उंच केल्याशिवाय मिळत नाही. कॅलेंडर वर गेलं आणि आजोबा खाली राहिले, हे बघणाऱ्याला जाणवेल.

अमेरिकन चित्रकार अँड्र्यू वायेथचं 'क्रिस्टिनाज वर्ल्ड' बघ, १९४८ चं. गवताची काडी न्‌ काडी रंगवलीय, एकदम वास्तव, आपल्या लोकांना आवडेल असं. बाई पाठमोरी गवतात बसलेली, घर लांब टेकडीवर. तिला चालता येत नव्हतं, त्या घरापर्यंत ती सरपटत जायची. हे माहीत नसलं तरी ते अंतर पोटात गोळा आणतं. आणि कोलकात्याच्या बिकाश भट्टाचार्जींची बाहुलीची चित्रं बघ, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची. ओस पडलेल्या जागी एक बाहुली, कसलीही मोडतोड नाही, हात आपल्या अकॅडमिक पद्धतीचाच, आणि तरी नक्षलवादाच्या काळातली ती शहरातली भीती अंगावर येते. तुला तुझं शिक्षण टाकून द्यायची गरज नाही, हे सांगायचंय.

उद्यमनगर_लेथ

आजोबा कुठं बघतायत? माझ्या मते आपल्याकडं नको. दाराकडं बघू देत. आमच्या भागात पाणी चढत होतं तेव्हा सगळे दाराच्या उंबऱ्याकडंच बघत होते.

कोटितीर्थ

नजर दाराकडं हवी, पण दार चित्रात नको. उजेड उजवीकडून येऊ दे, त्यावरून कळेल. हॉपरच्या खोल्यांत हेच आहे. बायका खिडकीच्या उन्हात बसलेल्या असतात, काहीतरी बघत असतात, आणि ते आपल्याला कधी दाखवलेलं नसतं.

आणि नाव देताना 'महापूर' देऊ नकोस, एवढी विनंती.

सातवी_गल्ली

एक विचारू? तुम्ही सगळे आजोबांना डावीकडं सरकवताय, खाली घेताय, डोक्यावरून पाणी फिरवताय. ते जिवंत आहेत. त्यांना विचारलं का कुणी? प्रदर्शनात लोक येऊन त्यांच्या त्या बसण्याकडं बघणार. मघाशी मानाचं बोललो ते याच अर्थानं.

जीडी_शेवटचं_वर्ष

दादा, तुमचं वाचून आज गावी गेलो. मोबाइलवर फोटो दाखवला. आजोबांनी तो मोठा करून बराच वेळ बघितला. मला वाटलं चेहऱ्याबद्दल बोलतील. ते म्हणाले, 'रेघ चुकलीय. पाणी एवढं खाली नव्हतं. वर घे.' प्रदर्शनात लावू का विचारलं तर म्हणाले, लाव, पण आधी रेघ बरोबर कर, नाहीतर बघणाऱ्याला वाटेल थोडकंच आलं होतं.

आता प्रश्न असा की रेघ आणखी वर घेतली तर ती चित्राच्या वरच्या कडेच्या अगदी जवळ जाते. रेघेवरची भिंत फारच थोडी उरते. माईंनी सांगितलेलं कॅलेंडर तिथं बसणार नाही.

माई_गंगावेस

मग कॅलेंडर काढ. ते सांगतायत तशी रेघ घे.

पेंटरकाका

अंदाजानं करू नकोस. पुढच्या वेळी घरी जाशील तेव्हा टेप लाव. जमिनीपासून रेघ किती, खाट किती, खाटेवर बसल्यावर आजोबांचं डोकं किती, तिन्ही मापं लिहून आण. चित्रातल्या डोक्याच्या मापावरून बाकीची मापं काढू. वर जागा कमीच पडली तर हा कॅनव्हास तसाच ठेव आणि नवीन उभा ताणू, तीन बाय पाचचा. माझ्याकडं चौकटीच्या पट्ट्या आहेत, कापड तू आण. प्रायमर मी लावून देतो. सकाळी लवकर ये, दुपारी माझ्या खोलीत उजेड फिरतो.